मनाला न विचारता बाहेर

मन खचलेलं असताना सकाळी बाहेरच्या उजेडात जाणं का कामाचं, हे आधी आकड्यांतून बघू. मोबाईलवर प्रकाश मोजायचं ॲप फुकट मिळतं. त्याचे आकडे प्रयोगशाळेच्या तोडीचे नसतात, पण तुलनेपुरते चालतात. सकाळी आठच्या सुमाराला ते उघडून फोन घरभर फिरवून बघावा. ट्यूब लावलेल्या हॉलमध्ये १५०-२०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक). पडदे ओढलेल्या बेडरूममध्ये, पलंगाच्या डोक्याशी, २०-३०. ओट्याजवळ खिडकी असली तर ४००-५००. गॅलरीच्या कठड्याशी फोन आकाशाकडे धरला की आकडा एकदम ३,०००-४,००० वर जातो. जिना उतरून आवारात आलं की भिंतीच्या सावलीतसुद्धा ८,०००-१०,०००, आणि मोकळ्या उन्हात त्याच्या तिप्पट-चौपट. भर दुपारी हाच आकडा लाखाच्या घरात असतो.

डोळ्याला हा फरक जाणवत नाही, सगळी गोम तिथेच आहे. बाहुली आक्रसते, आतला पडदा जुळवून घेतो आणि शंभरपट उजेड आपल्याला फक्त 'जरा लख्ख' वाटतो. त्यामुळे दिवसभर ट्यूबखाली बसलेला माणूस आपण उजेडात आहोत अशाच समजुतीत असतो. शरीराच्या लेखी मात्र दिवस उजाडलेलाच नसतो. महाराष्ट्रात उन्हाचा तुटवडा म्हटलं की लोक हसतात, कारण आपल्याकडे ऊन टाळण्यातच वर्षाचे सात-आठ महिने जातात. पण फ्लॅट, लिफ्ट, पार्किंग, काळ्या काचांची गाडी, ऑफिस आणि परत फ्लॅट असा दिवस घालवणाऱ्याला सूर्य भेटतो कधी?

पावसाळ्याचा हिशेब तर आपण हमखास उलटा मांडतो. ऊनच नाही तर बाहेर जायचं कशाला, असं आषाढात सगळेच म्हणतात. आभाळ गच्च भरलेल्या सकाळीही बाहेर हजार-दोन हजार लक्स असतात, ढग जरा विरळ झाले की ५,०००-१०,०००. म्हणजे कोकणातल्या कुंद दिवशी अंगणात उभा असलेला माणूस दिवे लावलेल्या हॉलमधल्या माणसापेक्षा दसपट उजेडात असतो. जून ते सप्टेंबर मन मलूल होतं त्याचा दोष आपण ढगांना देतो. त्यातला निम्मा तरी दाराला लावलेल्या कडीचा असतो.

हे आकडे इतके महत्त्वाचे का, तर डोळ्याला दोन कामं आहेत. दिसणं हे एक. दुसरं काम नीट उलगडलं ते अगदी अलीकडे, २००२ साली. डोळ्याच्या पडद्यात थोड्या अशा पेशी सापडल्या ज्या चित्र बनवण्याच्या भानगडीत फारशा पडत नाहीत. मेलानॉप्सिन नावाच्या रंगद्रव्याच्या जोरावर त्या नुसता उजेड मोजतात. ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे आकाशी निळा उजेड त्यांना सगळ्यात जास्त कळतो. मोजमाप पोचतं मेंदूच्या तळाशी, जेमतेम २०,००० पेशींच्या एका पुंजक्याकडे. शरीराचं घड्याळ ते हेच. या पेशी संथ असतात, हळूहळू बेरीज करत जातात. म्हणून गॅलरीत येऊन आळस देऊन आत जाण्याने काही साधत नाही. मिनिटं मोजावी लागतात.

घड्याळाला रोज चावी का द्यावी लागते, हेही सरळ आहे. माणसाचं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा सरासरी दहा-बारा मिनिटं सावकाश चालतं. सकाळचा उजेड त्याला पुढे ओढतो, रात्रीचा मागे ढकलतो. सकाळ अंधारात आणि रात्र झगझगाटात गेली की घड्याळ रोज थोडं थोडं मागे सरकतं. बारा वाजले तरी झोप येत नाही, सातला गजर वाजतो तेव्हा शरीराच्या हिशेबाने पहाटेचे चार असतात. असं आठवडाभर चाललं की माणूस चिडचिडा होतो, बॉसच्या एका वाक्यावर दिवसभर कुढतो, आणि आपलं मनच कमकुवत आहे असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत २०१३ च्या एका छोट्या अभ्यासात आठ जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं. विजेचा दिवा नाही, फोन नाही; रात्री शेकोटी. त्यांचं आतलं घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे येऊन सूर्याशी जुळलं. त्यांना कुणी उपदेश केला नव्हता. ते फक्त बाहेर होते.

कणखर मन म्हटलं की पहाटे चारला उठणं, गार पाण्याची आंघोळ, एका दिवसात दोन गड असली पराक्रमाची चित्रं डोळ्यांपुढे येतात. समाजमाध्यमांवर त्याचीच चलती आहे. नैराश्यावर उपचार करणाऱ्यांना ठाऊक असलेली गोष्ट मात्र फार साधी, जवळजवळ कंटाळवाणी आहे. मन खचलं की माणूस एकेक गोष्ट सोडतो: आधी फिरणं, मग मित्रांचे फोन, मग आंघोळीची वेळ. सोडलं म्हणून आनंदाचे लहानसहान क्षण आटतात, ते आटले म्हणून मन आणखी खचतं. पीटर लेविन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात या चक्राकडे बोट दाखवलं. यावरचा उपाय म्हणजे इच्छा व्हायची वाट न बघता कृती वेळापत्रकात घालणं. १९९६ साली सिॲटलमध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी उपचारातला एवढाच भाग वेगळा काढून तपासला, तर तो विचार बदलायला शिकवणाऱ्या पूर्ण उपचाराइतकाच परिणामकारक ठरला.

सकाळी बाहेर पडण्यात उजेड आणि कृती हे दोन्ही धागे एकत्र येतात, आणि दोघांनाही मनाची परवानगी लागत नाही. रडत गेलात तरी डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी उजेड मोजतातच. 'बरं वाटलं की जाईन' हे वाक्य म्हणूनच धोक्याचं. ते रास्त वाटतं आणि महिने खातं.

आता प्रत्यक्षात कसं करायचं. खचलेल्या माणसासाठी सगळ्यात लांबचं अंतर म्हणजे पलंग ते दार. ते रात्रीच कमी करून ठेवावं. कपडे खुर्चीवर, चपला दाराशी तोंड बाहेर करून, किल्ली आणि वीस-पन्नास रुपये खिशात. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, म्हणजे सकाळी हात आधी त्याच्याकडे जाणार नाही. उठल्यावर चूळ, तोंडावर पाणी, कपडे, चपला. आंघोळ नंतर. 'आंघोळ करून मग निघतो' म्हणणारे बरेचदा निघतच नाहीत. चहाशिवाय पाय हलत नसेल तर कप घेऊन गच्चीवर जावं. स्वतःशी करार फक्त फाटकापर्यंतचा: फाटकाबाहेर पाच मिनिटं उभं राहायचं, मग परत यायची पूर्ण मोकळीक. बहुतेक दिवशी पाय पुढे जातात. ज्या दिवशी जात नाहीत, त्या दिवशी पाच मिनिटं मोजायची आणि हजेरी लावायची. पहिल्या आठवड्यातच पाच किलोमीटर ठरवणाऱ्याचा बेत पहिल्या सर्दीला मोडतो.

मापं साधारण अशी: आकाश निरभ्र असेल तर १०-१५ मिनिटं, ढगाळ असेल तर २०-३०, धो धो पावसात अर्धा तास किंवा अधिक. उठल्यापासून तासाभरात. काळी छत्री वरचा बराच उजेड खाते, फिकट रंगाची किंवा पारदर्शक बरी. टोपी चालेल, गॉगल या वेळेपुरता खिशात. सूर्याकडे थेट बघायचं नाही, कधीच नाही. आकाश डोळ्यांना दिसलं की पुरे. काचेआडून काम होतं, पण फार हळू. दोष काचेपेक्षा अंतराचा: खिडकीपासून दोन पावलं मागे सरकलं की आकाशाचा तुकडा लहान होतो आणि उजेड कितीतरी पटींनी उतरतो.

पहाटे फिरणाऱ्यांची एक गंमत आहे. मुंबईत जूनच्या सुरुवातीला सहाच्या आसपास उजाडतं, जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय सव्वासातला. साडेपाचला निघून साडेसहाला घरी परतणाऱ्याला जूनमध्ये उजेड मिळतो, जानेवारीत अख्खा व्यायाम काळोखात होतो. पाय मोकळे होतात, घड्याळाला मात्र काही मिळत नाही. 'थंडीतच उदास वाटतं' म्हणणाऱ्यांनी आधी आपली वेळ तपासावी. नागपूरला सूर्य मुंबईपेक्षा साधारण २५ मिनिटं आधी उगवतो, त्यामुळे एकाच्या वेळा दुसऱ्याने उचलू नयेत.

फिरताना मन मात्र आपलंच दळण दळत बसतं. तेच भांडण, तोच हिशेब, 'मी असं म्हणायला हवं होतं'. त्याला शांत हो म्हटल्याने ते शांत होत नाही, डोळ्यांना काम दिलं की थोडं सैल पडतं. स्टॅनफर्डमध्ये २०१५ साली काही जणांना ९० मिनिटं झाडीगवतातून आणि काही जणांना रहदारीच्या रस्त्याकडेने चालवलं; झाडीतून आलेल्यांचं स्वतःबद्दलचं कुढणं कमी झालं होतं. रस्त्याकडेने आलेल्यांचं नाही. तेव्हा कानात बोंडं घालून पॉडकास्ट ऐकत चालण्यापेक्षा एक झाड धरावं. रोज तेच. सावरीचं घ्या. डिसेंबर-जानेवारीत तिची पानं झडायला लागतात, उघड्या फांद्यांवर गडद तपकिरी कळ्या दिसतात. फुलल्यावर जाड, मांसल, लाल पाकळ्यांच्या वाटीत मैना आणि बुलबुल डोकी खुपसतात, आणि खाली पडलेलं फूल हातात घेतलं तर चांगलं जड लागतं. उन्हाळ्यात बोंडं उकलून कापूस उडतो, मग पोपटी पालवी. रोज त्यातला एक बदल शोधायचा, एवढंच काम. वर बघावं लागतं, म्हणून मानही उचलली जाते आणि उजेडही जास्त मिळतो.

जागेचं म्हणाल तर पुण्यात हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, तळजाई. कोल्हापुरात रंकाळा, साताऱ्यात अजिंक्यतारा, नागपुरात अंबाझरी, दादरला शिवाजी पार्क. पण रोज टेकडी कुणाला जमते? इंग्लंडमध्ये सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून २०१९ साली दिसलं की आठवड्याला एकूण निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांची प्रकृती आणि समाधान दोन्ही बरं होतं; ती एकदम घालवली की तुकड्यांनी, याने फरक पडला नव्हता. म्हणजे रोजची सतरा-अठरा मिनिटं. तीही नाहीत त्यांच्यासाठी गच्ची आहे. बहुतेक सोसायट्या तिला कुलूप लावून किल्ली चेअरमनच्या घरात ठेवतात. पार्किंगवर दोन दोन तास भांडणाऱ्या सभेने सकाळी सात ते नऊ गच्ची उघडी ठेवायचा ठराव केला तर कुणाचं काही बिघडणार नाही.

कोवळ्या उन्हाने ड जीवनसत्त्व मिळतं हा समज मात्र काढून टाकायला हवा. ते बनतं अतिनील-ब किरणांनी, आणि सूर्य खाली असताना ते वातावरणातच अडतात. खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तरच ते किरण पुरेसे पोचतात. मे महिन्यात ही वेळ साडेनऊच्या आसपासच येते. डिसेंबरात मात्र मुंबईत ऐन माध्यान्हीलाही सूर्य क्षितिजापासून ४७-४८ अंशच वर चढतो आणि नागपुरात जेमतेम ४५, म्हणजे सावली माणसाएवढी. शिवाय मुंबईतली माध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही, ती होते साधारण बारा-चाळीसला. आपली प्रमाणवेळ मुंबईच्या सूर्यापेक्षा ३९ मिनिटं पुढे आहे. तर सकाळचा उजेड डोळ्यांसाठी, दुपारचं ऊन कातडीसाठी. ही कामं वेगळी. दुपारचं ऊन आठवड्यातून दोन-तीनदा, हातपाय उघडे ठेवून, पंधरा-वीस मिनिटं. काचेआडून नाही, कारण खिडकीची काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. कमतरता असेल तर रक्त तपासून डॉक्टर सांगतील तेवढंच औषध. आठवड्यातून एकदा घ्यायचं ६०,००० युनिटचं पाकीट रोज घेतलं की रक्तातलं कॅल्शियम वाढून माणूस दवाखान्यात पोचतो.

सगळ्यांना सकाळच मानवते असंही नाही. जे आजी-आजोबा रात्री आठलाच पेंगतात आणि साडेतीनला टक्क जागे होतात, त्यांचं घड्याळ आधीच पुढे धावतंय. त्यांना पहाटेचा उजेड आणखी पुढे ढकलेल. त्यांनी संध्याकाळी पाच ते साडेसहा कट्ट्यावर बसावं. रात्रपाळीच्या नर्सबाई किंवा हिंजवडीतून सकाळी सुटणारी मुलं यांच्यासाठी घरी जातानाचं ऊन म्हणजे झोपेचं मातेरं. त्यांनी तेव्हा गॉगल लावावा, खोली काळोखी करून झोपावं आणि दुपारी उठल्यावर आपली 'सकाळ' बाहेर काढावी. ज्यांना कधी मन अवाजवी उसळायचा, झोपच नकोशी वाटण्याचा त्रास झाला आहे, त्यांनी तेजस्वी दिव्याचे उपचार मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. झटका उलट्या बाजूला जाऊ शकतो. लिथियम हे मनाच्या चढउतारांवरचं औषध घेणाऱ्यांनी वैशाखात घामाचा विचार करावा, अंगातलं पाणी कमी झालं की औषधाची रक्तातली पातळी चढते. डॉक्सिसायक्लिनसारख्या जंतुनाशक (अँटिबायोटिक) गोळ्यांवर कातडी पटकन भाजते. विदर्भात मे महिन्यात हे सगळं सातच्या आत उरकावं, हे तिथल्या माणसाला सांगायची गरज नाही.

घरच्यांचा एक मुद्दा. 'अरे, जरा बाहेर पड, मोकळी हवा घे' हे वाक्य प्रेमाचं असलं तरी खचलेल्याच्या कानावर ते आरोपासारखं पडतं. त्याऐवजी 'चल, दूध आणू' म्हणावं आणि स्वतः चपला घालाव्यात. कारण लहान, परतायची वेळ ठरलेली, वाटेत बोलायची सक्ती नाही. भाजी निवडायला गॅलरीत बसायचं असेल तर ताट दोघांत ठेवावं. आणि परत आल्यावर 'बघ, किती बरं वाटलं ना?' असं विचारू नये. वाटलं नसेल तर त्याला खोटं बोलावं लागतं. नोंद ठेवायची तर त्याची त्यानेच कॅलेंडरच्या चौकोनात ठेवावी: जाण्याआधी मन दहापैकी किती, आल्यावर किती. तीनचं चार झालं तरी ते कागदावर दिसतं, आणि खचलेलं मन नेमकं हेच विसरतं. दोन आठवडे उलटूनही झोप, भूक, रस काहीच परतत नसेल, किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर चालण्यावर भागवू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलतात.

परदेशी गेलेल्या मुलांना यातलं बरंच वेगळ्या मापाने लागतं. स्टॉकहोममध्ये डिसेंबरचा दिवस सहा तासांचा, लंडनमध्ये आठच्याही आतला. पुण्याहून गेलेल्याला पहिला हिवाळा जड का गेला हे कळतही नाही. ऋतूनुसार येणाऱ्या या नैराश्याचं वर्णन नॉर्मन रोझेन्थाल यांनी १९८४ साली केलं. तिथे जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून बाहेर चालणं हा पहिला उपाय, आणि १०,००० लक्सचा दिवा दुसरा: सकाळी अर्धा तास, तोंडापासून हातभर अंतरावर, जरा बाजूला ठेवून. दिवा दोन हात दूर सरकवला की तोच अर्धा तास जवळजवळ वाया जातो, आणि घेणाऱ्यांपैकी बरेच जण नेमकं तेच करतात. ब्रिटनची आरोग्यसेवा थंडीत रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायचा विचार करायला सांगते, तेही तिथे लागूच.

राहता राहिले ते जे बाहेर पडूच शकत नाहीत: खुब्याचं ऑपरेशन झालेले, लकवा झालेले, चौथ्या मजल्यावर लिफ्टविना अडकलेले. मिलानच्या एका रुग्णालयात २००१ साली दिसलं की नैराश्यासाठी दाखल झालेले द्विध्रुवी आजाराचे (मन कधी खचतं, कधी अवाजवी उसळतं असा आजार) रुग्ण पूर्वेच्या खोल्यांत असले तर पश्चिमेच्या खोल्यांपेक्षा सरासरी साडेतीन दिवसांहून अधिक लवकर घरी जात. घरात पूर्वेची खिडकी कुठली ते बघून पलंग तिथे हलवावा. ते शक्य नसेल तर सकाळी निदान खुर्ची, कठड्यापासून हातभर अंतरावर, तोंड बाहेर करून. टीव्ही उलट्या भिंतीला असेल तर तोही हलवावा, नाहीतर खुर्ची दोन दिवसांत परत फिरते. पडदे दोन्ही बाजूंना पूर्ण सारावेत. आणि डासांची जाळी काढून घासून धुवावी. तिच्यात अडकलेली वर्षभराची धूळ उजेडाचा चांगलाच हिस्सा गिळत असते.